घर, शेअर, सोने आणि इच्छापत्र: देणगीदाराकडे मालमत्तेचे दान कसे मागावे

मार्च महिना आला की संस्थांची पावतीपुस्तके बाहेर निघतात. दोन हजार, पाच हजार, ओळखीचा कोणी असेल तर पंचवीस हजार. हे सगळे पैसे देणगीदाराच्या बचत खात्यातून येतात. त्याची खरी पुंजी मात्र तिथे नसतेच. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या घरगुती वित्त समितीने २०१७ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार सरासरी भारतीय कुटुंबाच्या संपत्तीपैकी ७७ टक्के घर-जमिनीत, ११ टक्के सोन्यात आणि जेमतेम ५ टक्के वित्तीय गुंतवणुकीत असते. निवृत्त शिक्षिका पेन्शनमधून दरवर्षी पाच हजार देते आणि सव्वा कोटीच्या फ्लॅटमध्ये राहते. त्या फ्लॅटचे पुढे काय करायचे, हे तिला कोणी विचारत नाही. विचारायला संकोच वाटतो आणि विचारले तर पुढे काय करायचे हे संस्थेलाही ठाऊक नसते.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. महर्षी कर्व्यांच्या आश्रमाला रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन दिली आणि झोपडी बांधायला साडेसातशे रुपये दिले. आजचे कर्वेनगर त्यातून उभे राहिले. जमीन आणि ती वापरात आणण्यापुरता पैसा, दोन्ही एकत्र. मालमत्ता मागताना ही जोडी आजही विसरू नये.

पुढचे सगळे महाराष्ट्रातील नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांना धरून लिहिले आहे. प्राप्तिकराची कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत, कारण कार्यालयांत अजून तेच आकडे बोलले जातात. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. कागद करताना नवे क्रमांक आणि त्या वर्षीचे दर सीएकडून लिहून घ्या.

मागण्याआधी संस्थेचे घर आवरा

पहिले दोन महिने कोणाकडेही जाऊ नका. आधी एक फाइल तयार करा. तिच्यात न्यासाच्या नोंदणीचा दाखला, घटना किंवा न्यासपत्र, परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातील न्यासाच्या नोंदीचा) ताजा उतारा, १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करात वजावट) यांची चालू प्रमाणपत्रे, पॅन आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब असावेत. परिशिष्टावरची विश्वस्तांची नावे आज काम पाहणाऱ्या विश्वस्तांशी जुळतात का ते बघा. अनेक संस्थांत दोन विश्वस्त कधीच वारलेले असतात, त्यांचे बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून असतात आणि बक्षीसपत्रावर (दानाच्या दस्तावर) सही करायला कायदेशीर अधिकाराचा माणूसच उरलेला नसतो. १२एबीची नोंदणी ठरावीक वर्षांनी नव्याने करावी लागते. ती संपलेली असताना पन्नास लाखांचा फ्लॅट स्वीकारला तर ती मालमत्ता संस्थेचे करपात्र उत्पन्न ठरू शकते. नोंदणी चालू असेल तरच कलम ५६(२)(एक्स) मधील सूट मिळते.

मग विश्वस्त मंडळाचा एक ठराव करा. मजकूर एका पानाचा पुरे: संस्था कोणत्या मालमत्ता स्वीकारेल, कोणत्या नाकारेल, निर्णय कोण घेईल, विक्री किती दिवसांत करेल. नाकारायची यादी आधी लिहिलेली असली की समोर बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे सोपे जाते. पागडीची खोली, भाऊबंदांत वाद चाललेली जमीन, कर्जाखाली गहाण असलेले घर, दुरुस्तीलाच दहा लाख लागतील असा गावाकडचा वाडा, आणि ‘इथे शाळाच चालवली पाहिजे, कधीच विकायचे नाही’ अशा अटीची जागा या यादीत हव्यातच. फुकट आलेली वास्तू फुकट राहत नाही. घरपट्टी, सोसायटीचा मासिक खर्च, रखवालदार आणि वकील यांचे बिल पहिल्या महिन्यापासून सुरू होते. म्हणून ठरावात असेही लिहावे की स्थावर मालमत्तेसोबत निदान दोन वर्षांच्या देखभालीइतकी रक्कम देणगीदाराकडून मागितली जाईल.

कोणाकडे जायचे

श्रीमंतांची यादी काढू नका. मागची दहा-पंधरा वर्षे न चुकता लहान रक्कम देणारे कोण, ते पावतीपुस्तकांतून शोधा. मालमत्ता देणारा माणूस बहुधा तिथे सापडतो. त्यातही मूलबाळ नसलेली जोडपी, अविवाहित बहीण-भाऊ, मुले परदेशात स्थिरावलेली आणि इथले घर ‘आमच्यामागे कोण बघणार’ या काळजीत असलेली मंडळी, संस्थेतून निवृत्त झालेले शिक्षक आणि जुने विश्वस्त. तीनशे देणगीदारांची संस्था असेल तर पहिल्या वर्षी वीस नावे पुरेत.

निरोप आधी, भेट नंतर. वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानावर दोन ओळी छापा: ‘आपल्या इच्छापत्रात संस्थेचा समावेश करण्याची इच्छा असल्यास कृपया अमुक विश्वस्तांशी बोलावे. माहिती गोपनीय राहील.’ खाली एकाच माणसाचे नाव आणि फोन. ‘कार्यालयाशी संपर्क साधा’ असे लिहिले तर कोणी करत नाही.

भेटीला दोघे जा, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष. पहिल्या भेटीत कागद काढू नका. ‘काका, तुम्ही इतकी वर्षे देताय, तुम्हाला संस्थेचे कोणते काम सर्वांत जवळचे वाटते?’ इथून सुरुवात करा आणि ऐकत राहा. मरणाचा शब्द आपण होऊन काढायचा नाही. ‘तुमच्या पश्चात’ किंवा ‘पुढची व्यवस्था’ म्हटले की समोरच्याला कळते. मागणीचे वाक्य मात्र स्पष्ट हवे: ‘काही जण घरच्यांचे सगळे नीट लावून झाल्यावर उरलेल्यातला एक हिस्सा संस्थेच्या नावे लिहून ठेवतात. तुम्ही असा विचार कराल का?’ आधी घरचे, मग संस्था. हा क्रम बोलण्यातही पाळा आणि मनातही ठेवा.

इच्छापत्र: इथूनच सुरुवात करा

मालमत्तादानाच्या सगळ्या प्रकारांत बहुतेकांना परवडणारा प्रकार हाच. आज खिशातून काही जात नाही, राहते घर हातात राहते, विचार बदलला तर नवे इच्छापत्र करता येते. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी. पुढे कोणी ‘सही त्यांची नाहीच’ म्हटले तर तीच उपयोगी पडते.

कायद्याला हवे असलेले थोडकेच आहे: सही आणि दोन साक्षीदार. चुका होतात त्या इथेच. संस्थेचा विश्वस्त किंवा कर्मचारी साक्षीदार असू नये. संस्थेच्या वकिलाने देणगीदाराचे इच्छापत्र लिहू नये. ‘आमचे वकील फुकट करून देतील’ हे उपकाराचे वाक्य उद्या पुतण्याच्या वकिलाच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार असते. देणगीदाराने स्वतःचा वकील नेमावा आणि त्याची फी स्वतः द्यावी. वय सत्तरच्या पुढे असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे, आणि दोघा साक्षीदारांपैकी एक डॉक्टरच असेल तर उत्तम.

संस्था एवढेच करू शकते: नमुना मजकूर देणे. तो असा चालतो (एक्झिक्युटर म्हणजे इच्छापत्र अमलात आणायला देणगीदाराने नेमलेला माणूस):

‘माझी देणी, अंत्यविधीचा खर्च व वर लिहिलेले वाटप भागल्यानंतर जी मालमत्ता शिल्लक राहील, तिच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा दहा टक्के हिस्सा माझ्या एक्झिक्युटरने ............ (सार्वजनिक न्यास नोंदणी क्रमांक ......, पॅन ......) या संस्थेस तिच्या सर्वसाधारण कार्यासाठी द्यावा. त्या वेळी ही संस्था अस्तित्वात नसेल, किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झाली असेल, तर हा हिस्सा तशाच उद्देशाच्या नोंदणीकृत संस्थेस द्यावा.’

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते देणगीदाराला समजावून सांगा. नोंदणी क्रमांक यासाठी की ‘विद्यार्थी सहायक’ किंवा ‘अनाथाश्रम’ अशी नावे गावोगावी आहेत. रकमेऐवजी टक्के यासाठी की वीस वर्षांनी एका लाखाला आजचे मोल उरणार नाही, आणि आजारपणात पुंजी आटली तर घरच्यांच्या वाट्याला टाच लागणार नाही. ‘सर्वसाधारण कार्यासाठी’ यासाठी की २०४५ मध्ये संगणक कक्षाची गरज असेल की नाही कोणास ठाऊक. विक्रीचे काम एक्झिक्युटरकडे देण्याचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. फ्लॅट संस्थेच्या नावे झाला की तो विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मूल्यांकन, जाहीर निविदा, सुनावण्या यांत वर्षे जाऊ शकतात. एक्झिक्युटरने आधी विकून रक्कम दिली तर फ्लॅट संस्थेची मालमत्ता होतच नाही आणि ही सगळी वाट टळते.

इच्छापत्राने किती देता येते, हे सर्वांना सारखे नाही. हिंदू व्यक्ती स्वकष्टार्जित सर्व मालमत्ता आणि एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा देऊ शकते. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच देता येते. गोव्यात वंशज असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते आणि पती-पत्नींची मालमत्ता बहुधा सामाईक धरली जाते, म्हणून तिथे दोघांशी एकत्रच बोलावे. ख्रिस्ती दात्यांच्या धर्मादाय इच्छापत्रावर जाचक बंधन घालणारे भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवले. वसईकडचे काही ज्येष्ठ अजून त्या जुन्या अटीच्या भीतीने मागे सरतात. त्यांना हे सांगावे.

आणखी एक गैरसमज नॉमिनीचा. ‘बँकेत तुमच्या संस्थेचे नाव नॉमिनी म्हणून टाकतो’ असे देणगीदार उत्साहाने म्हणतो. बँक ठेवीवर नामनिर्देशन फक्त व्यक्तीचे होते, संस्थेचे नाही. भाच्याला नॉमिनी करून ‘तो देईल संस्थेला’ असे ठेवले तर भाच्यावर नैतिक ओझे पडते, कायदेशीर नाही. नॉमिनी मालक होत नाही, हे शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. उत्तर एकच, इच्छापत्रात लिहा.

शेअर्स: आकडेमोड समोर बसून करा

इथे इंटरनेटवरच्या अमेरिकी लेखांनी बराच घोटाळा केला आहे. तिथे वाढलेल्या किमतीचे शेअर्स दान केले की बाजारभावाइतकी वजावट मिळू शकते. आपल्याकडे ८०जीची वजावट फक्त पैशाच्या देणगीला आहे. शेअर, सोने, जमीन, धान्य यांना नाही. संस्थेने शेअर्सच्या पावतीवर ८०जीचा शिक्का मारला तर देणगीदाराला पुढे नोटीस येते आणि नाते तुटते.

तरीही शेअर थेट देणे अनेकदा फायद्याचे असते, कारण व्यक्तीने किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाने बक्षीस दिल्यावर कलम ४७(३) मुळे भांडवली नफा धरला जात नाही. एक उदाहरण कागदावर मांडा. सात वर्षांपूर्वी एक लाखाला घेतलेले शेअर्स आज दहा लाखांचे आहेत आणि देणगीदाराचे इतर उत्पन्न वीस लाख आहे. विकले तर नऊ लाख नफा, त्यातून सव्वा लाखाची सूट, उरलेल्या पावणेआठ लाखांवर साडेबारा टक्के म्हणजे ९६,८७५ रुपये कर, वर चार टक्के उपकर, एकूण १,००,७५० रुपये. संस्थेच्या हाती ८,९९,२५० येतात. देणगीदार जुन्या करप्रणालीत असेल तर ५० टक्के वजावटीच्या संस्थेला दिलेल्या देणगीपैकी उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतचीच रक्कम धरतात, म्हणजे दोन लाख, त्याची निम्मी वजावट एक लाख, आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यात वाचलेला कर ३१,२०० रुपये. नव्या प्रणालीत तेही नाही. तेच शेअर्स थेट संस्थेच्या डीमॅट खात्यात टाकले तर देणगीदाराला कर शून्य आणि संस्थेला पूर्ण दहा लाख. याउलट शेअर नुकसानीत असतील तर त्याने ते आधी विकावेत, तोटा स्वतःच्या विवरणपत्रात दाखवावा आणि पैसे द्यावेत.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. न्यासाच्या नावे डीमॅट खाते उघडा. विश्वस्तांचा ठराव, न्यासपत्र आणि सह्यांचे अधिकार लागतात, महिनाभर धरा. देणगीदार आपल्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे (डीमॅट खाते सांभाळणाऱ्या बँकेकडे किंवा दलालाकडे) डिलिव्हरी इन्स्ट्रक्शन स्लिप भरतो, त्यात ऑफ-मार्केट (शेअर बाजाराबाहेरचा) व्यवहार आणि कारणाच्या रकान्यात देणगी असे लिहितो. सोळा आकडी खाते क्रमांक आणि आयएसआयएन (त्या शेअरचा ओळख क्रमांक) दोनदा तपासा, एक आकडा चुकला की स्लिप परत येते. सोबत देणगीदाराचे सहीचे पत्र घ्या: शेअर्स कोणते, किती, कोणत्या कामासाठी. रक्कम कायम निधीत ठेवायची असेल तर तसा स्पष्ट लेखी आदेश त्याच पत्रात हवा. नंतर घेतलेले पत्र लेखापरीक्षक मानत नाहीत, आणि बरोबरच करतात.

शेअर्स किती दिवस ठेवायचे? जितके कमी तितके चांगले. खासगी क्षेत्रातील कंपनीचे शेअर्स ही न्यासाला प्राप्तिकराच्या कलम ११(५) खाली मान्य गुंतवणूक नाही. ज्या आर्थिक वर्षात मिळाले ते संपल्यापासून एका वर्षाच्या आत ते मोकळे करावेच लागतात, नाहीतर करसवलतीवर गदा येते. ‘अजून वाढेल’ म्हणून थांबण्याचा मोह विश्वस्तांना होतो. ठरावातच ‘तीस दिवसांत विक्री’ लिहून टाका.

सोन्यालाही हाच नियम. दागिने घेताना देणगीदारासमोर वजन, दोघांच्या सह्यांची यादी, प्रत्येक नगाचा फोटो आणि त्याच दिवशी मान्यताप्राप्त मूल्यांककाचा दाखला. घट, खडे आणि लाखेचे वजन वेगळे लिहा. आईच्या पाटल्या मोडल्यावर आकडा कमी आला की मुलींच्या मनात किंतू येतो, आणि तो केवळ न लिहिलेल्या लाखेमुळे आलेला असतो.

विमा पॉलिसीही संस्थेच्या नावे कायमची अभिहस्तांकित (असाइन) करता येते. विमा कार्यालयात अर्ज देऊन नोंद करून घ्या, आणि उरलेले हप्ते कोण भरणार ते आधी ठरवा.

घर आणि जमीन

हयातीत घर-जमीन द्यायची तर नोंदणीकृत बक्षीसपत्र लागते, दोन साक्षीदार लागतात आणि देणगीदार हयात असतानाच संस्थेने ते स्वीकारावे लागते. स्वीकृतीचा ठराव आधी करून त्याचा उल्लेख पत्रातच घाला. खर्चाचा धक्का इथे बसतो. मुलाबाळांना राहते घर बक्षीस देताना लागणारे दोनशे रुपयांचे मुद्रांक शुल्क संस्थेला लागू नाही. तिला खरेदीखतासारखेच, सरकारी बाजारमूल्यावर, शहराप्रमाणे साधारण पाच ते सात टक्के आणि वर नोंदणी फी. साठ लाखांच्या फ्लॅटला तीन-चार लाख रुपये. ते कोण भरणार हे पहिल्या बैठकीत बोला.

देणगीदाराला शेवटपर्यंत तिथेच राहायचे असते, आणि ते योग्यच आहे. बक्षीसपत्रात तहहयात राहण्याचा हक्क राखून ठेवता येतो. असे बक्षीस वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. जोडपे असेल तर हक्क दोघांचा लिहा, नाहीतर नवऱ्यामागे बाईंच्या डोक्यावरचे छप्पर संस्थेच्या मर्जीवर राहते. संस्थेने ‘आम्ही सांभाळू’ असा शब्द पत्रात दिला असेल तर तो पाळण्याची तयारी हवी. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ प्रमाणे, देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता देखभाल न केल्यास न्यायाधिकरण परत करवू शकते.

कागद कोणते पाहायचे? फ्लॅटला मूळ करारनाम्यांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल आणि संस्थेला सभासद करून घेण्याबाबत सोसायटीचे उपविधी. जमिनीला सातबारा, सगळे जुने फेरफार, गटाचा नकाशा आणि प्रत्यक्ष मोजणी. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन) दिसले तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. वर्ग १ ची शेतजमीनही संस्थेला सरळ घेता येत नाही. संस्था शेतकरी नसल्याने कूळ कायद्याच्या कलम ६३ खाली आधी परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ आडवे येते. ते ओलांडण्याचा आडमार्ग सुचवणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. जमीन वडिलोपार्जित असेल तर आधी वाटणी होऊन हिस्सा वेगळा निघू द्या.

नोंदणी झाली की काम संपले असे वाटते, आणि नेमके तिथेच पुढच्या दहा वर्षांचे दुखणे सुरू होते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करून मालमत्ता परिशिष्टावर चढवून घ्या. ती तिथे नसेल तर पुढे कलम ३६ ची परवानगी मागताना ‘ही मालमत्ता न्यासाची कशावरून’ इथूनच गाडी अडते. सोसायटी, घरपट्टी, वीज, फेरफार ही नावेही त्याच तिमाहीत बदला.

परदेशातले मराठी देणगीदार

इथे एकच प्रश्न आधी विचारा: पासपोर्ट कोणता? भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे, मग तो ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारक असला तरी, ठरतात. शेअर्सही त्यात येतात. त्यासाठी एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले ठरलेले खाते लागते. ते नसेल तर देणगी कृतज्ञतेने नाकारा. ‘माझ्या पुण्यातल्या भावाच्या खात्यावरून पाठवतो’ ही वाट भावालाही अडचणीत आणते.

नंतरची वर्षे

इच्छापत्र लिहिले आणि दान हाती आले यांत पंधरा-वीस वर्षे जाऊ शकतात. तेवढ्यात कार्यवाह तीनदा बदलतात. म्हणून कुलूपबंद कपाटात एक नोंदवही ठेवा: देणगीदाराचे नाव, भेटीची तारीख, काय बोलणे झाले, एक्झिक्युटर कोण, इच्छापत्र कुठे ठेवले आहे. इच्छापत्राची प्रत मागू नका. स्वतःहून दिली तर पाकीट बंदच ठेवा. वर्षातून दोनदा भेट व्हावी, दिवाळीला आणि संस्थेच्या वर्धापनदिनी, आणि त्या वेळी मागणी काढू नये.

मुलांना कळवायचे की नाही, हे देणगीदाराने ठरवायचे. पण त्याला सुचवून पाहा की हयातीतच मुलांना एकदा संस्थेत घेऊन यावे. वडिलांनी काय दिले आणि का दिले हे ज्यांनी पाहिले आहे, ते कोर्टात क्वचितच जातात.

निधनाची बातमी आली की दोघांनी भेटायला जावे, इच्छापत्राचा विषय काढू नये. दिवसकार्य होऊन महिना-दीड महिना जाऊ द्या, मग एक्झिक्युटरला नोंदणीकृत डाकेने छोटे पत्र पाठवा: संस्थेचे नाव इच्छापत्रात असल्याचे दिवंगतांनी कळवले होते, आवश्यक ती कागदपत्रे आम्ही देऊ. सोबत नोंदणीचा दाखला, पॅन, १२एबीचे प्रमाणपत्र, रद्द केलेला धनादेश आणि स्वीकृतीचा ठराव जोडा, म्हणजे त्याला पुन्हा विचारावे लागणार नाही.